न झोपणारा बोर्ड

हसायचं नाही, आधी ऐका. आमच्या वारज्याच्या ऑफिसात चाचणीचा एक सर्किट बोर्ड आहे. काम नसलं की त्यानं झोपायचं, म्हणजे करंट जवळजवळ शून्य. पण हा सारखा करंट खात होता. मी चिप बदलली, सप्लाय बदलला, फरक नाही. "मेस लावून द्या त्याला," साहेब म्हणाले.

शेवटी मेश्राम मॅडमनी त्यातला प्रोग्रॅम उघडला आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"आपटे सरांनी लिहिलाय. त्यांचा फोन जवळ आला की झोपायचं, तोवर शोधत राहायचं."

आपटे सर आमच्याच टेबलावर बसायचे. दिवाळीनंतर वारले. फोन वहिनींनी बंद करून कपाटात ठेवलाय.

"म्हणजे हा अजून सरांना शोधतोय?"

"करंट त्यातच जातोय. काढू ती ओळ?"

"आधी चहा घेऊ," मी म्हणालो.

चहा घेऊन दोघं परत आलो, तर मीटर शून्यावर.

"मॅडम, ओळ काढली होतीत का?"

"नाही हो."

"मग?"

मॅडमनी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला. झोपलाय तो."