नंबरवाला तुकडा

पोलीस ठाण्याच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे व्हर्ना उभी होती. तिने गावाची स्कूलबस तीस वर्षं चालवली. खिडकीमागचा पोलीस ड्वेनही लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायचा. नष्ट करायला दिलेल्या रायफलीची पावती तिने काचेवर आपटली.

"ड्वेन, इथे 'नष्ट करणार' लिहिलंय. म्हणजे अख्खी ना?"

"ती एक खासगी कंपनी घेऊन जाते, मिस व्हर्ना. कायद्याप्रमाणे नष्ट करते."

"कायद्याप्रमाणे म्हणजे काय रे?"

"नंबर कोरलेला मधला तुकडा चिरडतात."

"आणि नळी? दस्ता?"

"ते सुटे भाग विकतात. म्हणून तर ठाण्याला हे काम फुकटात पडतं."

"विकतात? आणि कुणी ते घेऊन नवी जोडली तर?"

"सुट्या भागांना परवाना लागत नाही. कायद्यात बंदूक म्हणजे नंबरवाला तुकडा. बाकी नुसतं सामान."

"माझ्या पोराने, हार्लनने, कोठारात याच रायफलीने स्वतःवर झाडली, ती गोळी त्या नंबरातून आली का रे?"

"नियम मी नाही केले..."

"बसमध्येही हेच म्हणायचास. 'मी नाही केलं.' रायफल कुठाय आता?"

"मागच्या खोलीत. शुक्रवारी जाईल."

"मग तो तुकडा तू ठेव. बाकीचं सामान मला दे. भावाच्या गॅरेजात स्वतः कापते."

"तसं नाही देता येत."

"का? बंदूक नाही ना ती?"

"इथून कंपनीकडे जाईपर्यंत ती अख्खी बंदूकच आहे, मिस व्हर्ना."