माझी रडकी शकू

आमची शकू तान्हेपणी लई रडकी होती, हे मी आजबी ताठ मानेनं सांगते. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील तवा. चऱ्होलीत आमी सहा जणी एकाच मालकाच्या रानात खुरपायला जायचो. पोरं बांधावर, झोळीत. बाकीच्या पाच जणी सकाळीच पोराला अफूची बाळगोळी चाटवायच्या, की दिवसभर पोर गप. मी न्हाई दिली. गावात येनाऱ्या नर्सबाईनं बजावलं होतं, "त्यानं बाळ झोपत नाही, गुंगतं. एखादं उठायचंच नाही."

शकूच्या रडण्यानं मालक कावला. "गोळी दे तिला, न्हाईतर उद्यापासनं कामाला येऊ नगं!"

मी म्हनलं, "न्हाई देनार. रडती म्हंजी जित्ती हाय."

त्याच दुपारी त्या पाचातल्या पारूचं पोर दूध प्यायला उठंना. तोंडावर पानी मारलं, तळवे चोळले, तवा कुठं कण्हलं. पारूनं कनवटीची गोळ्यांची पुडी काढून मातीत गाडली. बाकीच्या चौघी झोळ्यांकडं धावल्या, आपापलं पोर हलवून बघाया.

दुसऱ्या दिवशी बांधावर सहाच्या सहा पोरं बोंबलत होती. मालक कानांवर हात ठिवून आला.

खुरपं न थांबवता मी इचारलं, "मालक, आता कुनाकुनाला काढताय?"