न लावलेला ओळंबा

लढाईचे दिवस होते. सोमवारचं मौन धरलेल्या कस्तुराबाई लोणावळा स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत जप करत होत्या. शेजारच्या बाकावर टाकव्याचे गवंडी अंबाजी फुगून बसले होते आणि पुतण्या हौशीराम त्यांची समजूत काढत होता. दोघांचं बोलणं कस्तुराबाईंच्या कानावर पडत होतं.

"आबा, कालपासनं पोटात काय न्हाई. ही भाकर खावा."

"पुण्याच्या इमानतळावरची बांधकामं तपासणारा तूच न्हवं?"

"व्हय. तुमच्याच हाताखाली शिकलो, मग परीक्षा दिली, तवा नेमलं मला."

"समद्यांच्या भिंतींना ओळंबा लावलास?"

"लावला. दोरी सोडून बघितलं, दोन कललेल्या निघाल्या, त्या पाडायला बी लावल्या."

"आन् माझ्या भिंतीला?"

"तुमच्या भिंतीला कशाला, आबा? ओळंबा धरायला तुमीच शिकिवलं. मान राखला तुमचा."

"लय राखलास! समदे गवंडी म्हणत्यात, अंबाजीची भिंत पुतण्याच्या सहीवर उभी हाय."

"चुकलं माझं. आता तितंच चाललोय न्हवं? समद्यांम्होरं ओळंबा लावतो. आता तरी खावा."

"आदी ओळंबा."

"आन् भिंत कललेली निघाली तर?"

"पाडायला लाव. त्या भिंतीवरच्या छपराखाली पोरं काम करणार हायती इमानांवर."

"तुमची भिंत कलायची न्हाई, आबा."

"तसं म्हणू नगस. नीट बघ, बाबा. औंदा मला ओळंब्याची दोरी दिसंना झालीया."

हौशीरामनं भाकर पुन्हा फडक्यात बांधली.

"बघतो, आबा. वरपासनं खालपतुर बघतो."