तीच जागा, दुसरा दिवस

हॅलो?... हां ताई, बोल. ...नाही गं, दिल्लीतच, मुनिरकाच्या खोलीवर. खाली भाजीवाला ओरडतोय, थांब, खिडकी लावते... हं.

...नाही, पेपर नाही पाठवला अजून. ...अगं, भांडण नाही! गाईड सर म्हणाले, ‘शिवांगी, आकडे फार उधळलेत, यंत्राचाच दोष असणार. सरासरी काढ आणि मोकळी हो.’ मी म्हटलं, थोडा वेळ द्या.

...कसले म्हणजे? लहरींचे! पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आहे ना, त्यात विजेचा भार असलेले कण फिरतात. तिथं आपोआप लहरी उठतात... नाही, मोबाइलच्या नाहीत! निसर्गाच्याच. त्या या कणांना ढकलतात, पळवतात. आणि कण पिसाळले की उपग्रह बिघडतात... हो, हो, टीव्हीचेपण.

...अच्छा, ऐक ना. जागा तीच, वेळ तीच, सूर्यही तसाच शांत. तरी एके दिवशी लहर दुसऱ्या एखाद्या दिवशीपेक्षा शंभरपट जोरदार! ...हो, मलाही तेच वाटलं, उपग्रहावरचं यंत्रच गंडलंय. मग त्याच वाटेनं जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाचे आकडे काढले... ताई, तिथंही तस्साच पसारा! दोन वेगळी यंत्रं सारखीच कशी चुकतील?

...घाबरले होतेच यार. पीएचडीचं शेवटचं वर्ष, सही त्यांचीच लागणार... तरी सरांना पाठवले सकाळी ते दोन्ही आकडे. ...जेवले गं, राजमा-चावल. ...अगं थांब, थांब, सरांचाच कॉल येतोय! ठेवू नकोस हं...

...ताई? आहेस ना? ...म्हणाले, ‘यंत्र नाही, आपणच चुकत होतो.’ बिल्कुल असंच म्हणाले! सरासरी राहू दे मागे, पेपरमध्ये आधी हा पसाराच मांड म्हणाले. ...रडत नाहीये. ...नाही गं, सर्दी.

...ऐकायचंय? या लहरींचा आवाज करता येतो. फोन लॅपटॉपजवळ धरते... ऐकलंस? ...हो ना! पहाटे झाडावर पाखरं उठल्यासारखं! मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकीबाहेर बघितलं होतं. ...आता हे ऐक. तीच जागा, दुसरा दिवस...

...अगं, कट नाही झाला फोन. त्या दिवशी तिथं जवळजवळ काहीच नव्हतं. ...का? ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, ताई. ...हो, रविवारी कँटला तुमच्याकडे येते, भाऊजींना सांग. चल, ठेवते. मला परत बघायचंय ते.