परिच्छेद पाच आणि एकशे चौदा शेडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, कातळगाव नगरपंचायतीच्या नगराध्यक्षा माननीय मनस्विनीताई, उपनगराध्यक्ष देवदत्तराव, विरोधी गटनेते परशुरामभाऊ, मुख्याधिकारी साहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे लेखापाल सहदेव तांबे साहेब, चंपावहिनी, कार्यालयातले सहकारी आणि सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

देवदत्तराव आणि परशुरामभाऊ एकाच कोचावर बसलेले मी सहा वर्षांत आज पहिल्यांदा पाहते आहे. ही किमया तांबे साहेबांच्या निवृत्तीनं केली. सभेत ती कुणालाच जमली नव्हती.

मला सांगण्यात आलं आहे, "लिमये मॅडम, चार गोड शब्द बोला." बोलते. साहेबांचे वडील पोफळीच्या वीजकेंद्रात कामाला होते. डोंगराच्या पोटात उतरून काम करणाऱ्याचा मुलगा हिशेबाच्याही पोटात उतरणारच. त्यांच्या हाताखाली रुजू झाले त्या दिवशी मी माझ्या रोजनिशीत लिहिलं होतं, 'साहेब हट्टी दिसतात, जुळेल असं वाटत नाही.' हे वाक्य मी खोडलेलं नाही. साहेब हट्टी आहेतच. चुकलं ते पुढचं अर्धं वाक्य.

गोड शब्द झाले. आता उरलेले.

आपल्या नगरपंचायतीला दरवर्षी तूट येते. ती का येते, यावर या सभागृहात जेवढं भांडण झालं, तेवढं शिमग्याच्या पालखीवरूनही झालं नसेल. निवडणुकीआधी परशुरामभाऊ सत्तेत होते. ते म्हणायचे, तूट पगारांमुळे. देवदत्तराव विरोधात होते. ते म्हणायचे, तूट ठेकेदारांमुळे, किनाऱ्यावरच्या त्या रंगीत दिव्यांमुळे. मग निवडणूक झाली आणि खुर्च्या बदलल्या.

त्यानंतरच्या अंदाजपत्रकी चर्चेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचायचं काम माझ्याकडे आलं. घाईत मी निवडणुकीआधीच्या वर्षाची फाईल उचलली आणि जुनंच इतिवृत्त वाचून दाखवलं. देवदत्तराव उठले. "मॅडम, नावं उलटी पडलीत. पगाराचं मी बोललो. दिव्यांचं ते बोलले." परशुरामभाऊ म्हणाले, "बरोबर. नावं तेवढी दुरुस्त करा, बाकी शब्द न् शब्द तसाच आहे." सूचक, अनुमोदक, इतिवृत्त कायम! वर्षभरापूर्वीचं इतिवृत्त नावं बदलून कायम झालं आणि कुणाला काही खटकलं नाही. मी रडकुंडीला येऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "कशाला घाबरता? फाईल चुकली, पण सभा तीच होती."

हसा, मीही हसले होते. पण त्या दिवसापासून मला एक प्रश्न सुटत नाही. दोघं एवढे भांडतात, जागा बदलून भांडतात, तर दोघंही ज्याबद्दल कधीच भांडत नाहीत, ते काय आहे?

त्याचं उत्तर साहेबांनी तीन वर्षं लिहून दिलं. अंदाजपत्रकाला तुटीच्या कारणांची टिप्पणी जोडतात. तिच्यातला परिच्छेद पाच. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडींना नाममात्र घरपट्टी आहे. ते योग्यच आहे, शेड दोन महिने चालते. पण साहेब रविवारी छत्री घेऊन कातळावर फिरले आणि त्यांनी मोजलं. पहिल्या वर्षी बासष्ट, मग अठ्ठ्याऐंशी, यंदा एकशे चौदा. एकशे चौदा शेडींत आता पेट्या नाहीत, पाहुणे आहेत. खोल्या, एसी, गरम पाणी, बाहेर पाटी. आमच्या नोंदवहीत मात्र अजून 'आंबा शेड, कौलारू, बिनवापर दहा महिने'.

तीनही वर्षं सभेपुढे जाण्याआधी परिच्छेद पाच गळाला. कुणी गाळायला सांगितला, ते मी बोलणार नाही. लेखी काही नाही. गाळणारी बोटं कुणाची, ते मात्र सांगते. माझी. टिप्पणी मी टाइप करत होते. साहेबांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही. पुढच्या वर्षी नवा आकडा घालून तोच परिच्छेद पुन्हा माझ्या टेबलावर ठेवला.

मी का गाळला? सांगितलं म्हणून? स्वतःशी तरी खरं बोलावं. त्या एकशे चौदांतली एक शेड आमची आहे. दहा वर्षं मी तिथल्या पाहुण्यांना उकडीचे मोदक वाढते आहे.

सोमवारी सभेपुढे प्रस्ताव आहे. तूट पगारांमुळे, म्हणून घंटागाडीवरची अकरा माणसं कमी करायची. ज्ञानेश्वरीताई त्या अकरांत आहेत. मागे उभ्या आहेत, आजच्या खुर्च्या त्यांनीच मांडल्या. अकरा जणांचा वर्षाचा पगार सोळा लाख. एकशे चौदा शेडींची बुडालेली घरपट्टी साहेबांच्या हिशेबानं सतरा लाख. एकूण तूट एक्केचाळीस. म्हणजे सगळी तूट शेडींची नाही, हेही मी सांगितलं पाहिजे. अनुदान उशिरा येतं, दिव्यांचं बिल मोठं आहे, पगारही वाढलेत. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. पण अकरा घरांची चूल विझवण्याइतकं खरं कुणाचंच नाही.

परवा मला पुन्हा सुचवण्यात आलं, "तांबे चाललेत, तुम्ही नव्या आहात, पाच नंबर बाजूलाच राहू द्या." आज सकाळी मी साहेबांकडून लेखापालाचा पदभार घेतला. सोमवारच्या प्रस्तावालाही तुटीची तीच टिप्पणी जोडायची आहे; तिच्यावर सही माझी आहे, आणि परिच्छेद पाच तिच्यात आहे. क्रमांकही पाचच आहे.

मी कर्मचारी आहे, मला राजकारणावर बोलायला मनाई आहे. म्हणून मी फक्त माझ्या घराबद्दल बोलते. काल संध्याकाळी आमच्या शेडीच्या घरपट्टीच्या फेरआकारणीचा अर्ज घेऊन मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. शेड त्यांच्या नावावर, सही त्यांची लागते. आप्पा तिसऱ्या रांगेत बसलेत, माझ्याकडे बघायचं टाळतायत.

आप्पा म्हणाले, "अगो, शेडच आहे ती. आत चार माणसं झोपली म्हणून काय बंगला होतो?"

मी म्हटलं, "आप्पा, त्या चार माणसांचा कचरा ज्ञानेश्वरीताई उचलतात."

"तू घरची सून की नगरपंचायतीची?"

मी अर्ज तिथंच टेबलावर ठेवून आत गेले. साहेब निवृत्त होताना हा धीर आला, तो आधी यायला हवा होता. पण आज सकाळी चहाच्या कपाखाली अर्ज होता. सही केलेला. आप्पा पाठमोरे म्हणाले, "माझी एकट्याचीच मोजलीस तर मात्र याद राख!"

नाही मोजणार, आप्पा. सगळ्यांसमोर शब्द देते. एक झाली, एकशे तेरा उरल्या. कृपा करून कुणी व्यासपीठाकडे बघू नये.

साहेब, शाल आणि श्रीफळ तुम्हाला नगरपंचायतीनं दिलं. माझ्याकडून ही अर्जाची पोचपावती. तीन वर्षं उशीर झाला. मागितली नाहीत, तरी माफी मागते. चंपावहिनी, इतके रविवार तुम्ही यांना आम्हाला दिलेत, आता ते परत घ्या. मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे आणि ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांचे मनापासून आभार.

आनंदाच्या कार्यक्रमात काही अधिकउणं बोलून गेले असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. एवढ्या भाषणापुरतंच. परिच्छेद पाचात एक आकडा जरी चुकलेला असेल, तर तो मात्र पदरात घेऊ नका. सोमवारी सभेत उभं राहून दाखवा. इतिवृत्त मी लिहिणार आहे, आणि या वेळी फाईल चुकणार नाही.