शेवटची चौदा पानं

नाही काका, अहवालात चूक नाही, एकही आकडा खोटा नाही — हे मी कुठेही शपथेवर सांगीन. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. काकू कशा आहेत? खुब्याचं हाड मोडलं — हो, कळलं मला, आठवडाभर अख्खं ऑफिस तेच बोलतंय. दवाखान्याच्या मागच्या जिन्यावरून पडल्या, सहा तर पायऱ्या. चहा सांगू? नको. बरं.

जुना अहवालही हवाय ना, हा घ्या. आमच्या आरोग्य विभागाचा वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं असाच निघायचा — करडं कव्हर, मुंगीएवढी अक्षरं, आणि शेवटी चौदा पानं नुसती राहिलेल्या कामांची. कुठे छत गळतं, कुठे नळ नाही, किती वर्षं नाही. हे बघा, तुमच्या भागातला दवाखाना — मागील जिना, कठडा नाही, अकरावं वर्ष. आणि हा यंदाचा. मी केलेला. म्हणजे विभागानेच केला, मी आपली मांडणी — परदेशात चार वर्षं मी हेच शिकले ना, सरकारी अहवाल साध्या माणसाला कळेल असा कसा लिहायचा. परत आले त्या दिवशी आईला म्हटलं, बघ आता, या ऑफिसला मी काचेसारखं स्वच्छ करते. आई म्हणाली, आधी जेवून घे.

आणि केलं की. चाळीस पानं, रंगीत आलेख, सोपी भाषा. ‘चौऱ्याण्णव टक्के कामे पूर्ण’ — पानभर आकडा आहे बघा, आणि खरा आहे. उरलेल्या सहा टक्क्यांना एक वाक्य आहे, हे खाली. ती चौदा पानं काढली गेली — कारण वाचतं कोण, काका? मी मजल्या-मजल्यावर विचारत फिरले होते, अहवाल उघडता का म्हणून. लोक हसायचे. मोठे साहेब म्हणाले, मी सही करतो, वाचायचं काम माझ्याकडे नाही. मला तर बक्षीस मिळालं त्या अहवालासाठी — ते तिकडे कपाटावर, पालथं ठेवलंय — धूळ बसते म्हणून.

फक्त गोदामात विचारायचं राहिलं. तळघरात आहे ते. म्हटलं, झाडू-बादल्या देणारा माणूस कशाला अहवाल वाचेल? तर तेच, गोदामातले अण्णाच वाचायचे. इतक्या मोठ्या इमारतीत एकटे अण्णा, आणि तेही शेवटची चौदा पानंच — चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. जिथे ‘कठडा नाही’ असेल तिथे दर वर्षी स्वतः जाऊन नवी दोरी बांधून यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. कठडा होईपर्यंत हाताला काहीतरी असावं, एवढंच. यंदा पानंच नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटलं, सगळे कठडे झाले. खूश झाले म्हणे. पोरीने कमाल केली, असं सगळ्यांना सांगत होते — पोरीने म्हणजे मी. काकूंच्या हातात तुटली ना, ती मागच्या वर्षीची दोरी. उन्हापावसात कुजलेली.

आता चौकशी त्यांच्यावरच. परवानगीशिवाय दोरी का बांधली आणि बांधली तर बदलली का नाही — दोन्ही विचारतायत, एकाच पत्रात. निवृत्तीला चार महिने राहिलेत त्यांच्या. आणि उद्या तुमचा जबाब, त्यांच्याविरुद्ध — म्हणून सांगतेय हो, नाहीतर मला काय गरज होती? अकरा वर्षं यादीत असून कठडा झाला नव्हताच की. हे मी स्वतःला रोज सांगते. मघाशी तुम्ही विचारलंत, पानं कोणी काढली. काढली गेली म्हटलं मी, नाही का. मी काढली. याच खुर्चीत बसून छापखान्याला फोन केला, एका मिनिटात. आणि अण्णा चौकशीत काय म्हणाले माहितीय? अहवाल नीट वाचायला हवा होता, माझंच चुकलं.

काय? — लेखी? लेखी कशाला, बोलले ना मी तुमच्याशी, स्पष्ट बोलले. नाही, पेन आहे, प्रश्न पेनचा नाही. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, काका. पुढच्या अहवालात ती पानं मी परत घालणार आहे, एकूण एक — आणि मीच इथे नसले तर घालणार कोण? तुम्हीच सांगा. असं बघू नका. अण्णाही परवा असंच बघत होते, रागाने नाही, नुसतंच. हे बघा, पाच वाजले, पाचला आमचं माहिती देण्याचं काम बंद होतं. जुना अहवाल घेऊन जा हवं तर, एकच प्रत आहे, पण न्या. मी उद्या बघते काय करता येईल ते. या तुम्ही. काकूंना सांगा — नको, काही सांगू नका.

काका, थांबा. हा कोरा कागद राहिला तुमचा टेबलावर. काका —