साऱ्या वस्तीचे डोळे माझ्या पोटावर

माहेर माझं कळंबाकडचं, अन् सासर हे असं वणीच्या बाजूले, राजूरच्या कोळशाच्या खदानीपासून पायी जायच्या वाटेवर. बाप लोकाच्या वावरात राबे, माय निंदाले जाये, आम्ही पाच बहिनी, म्हनजे काय सांगू तुम्हाले, खानारे तोंडं लय अन् भाकर उलशी. पन पोट माझं दगडासारखं होतं तवा. कच्च्या कैऱ्या, चिचा, शिळा ठेचा, सारं पचे. हे दुखनं सासरी आल्यावर लागलं, अन् लागलं ते बी अशा येळेले लागलं का त्या येळेनंच घात केला.

छप्पन साली आमच्या घरचे, म्हनजे माझा मालक, नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले. खदानीत कामाले होते, बोलनं कमी, पन परत आले त चेहराच येगळा. मंग बंद्या, म्हनजे साऱ्या वस्तीनं ठरवलं, आता जुने देव नाही. मरीमायचा शेंदराचा दगड होता निंबाखाली, तो नाल्यात लोटला. वस्तीच्या तोंडाशी पिंड होती, तिच्यावर बेलाचं झाड, तर पोट्ट्यांनी पिंडीसंग बेल बी तोडला, महादेवाचं झाड हाय, कायले ठेवता म्हने. कोनी नाही म्हनलं नाही. माझी सासू, बुढी, तेवढी दारात उभी होती. ती मले म्हने, पोरी, दगड गडगडत गेला तवा मरीमायनं मागं वळून पाह्यलं, म्या पाह्यलं, आता ती कोनाचं तरी पोट धरन.

अन् त्याच हिवाळ्यात माझं पोट सुरू झालं, माय वं!

मुरडा असा उठे का हातातला जात्याचा खुंटा सुटे. कधी तीन-चार रोज काहीच नाही, पोट नुसतं ढोलकं, अन् कधी सकाळपासून धावच धाव. आता तुम्ही लिहून घेनारे गडी मानूस, तुम्हाले काय समजन? बाईनं झाड्याले जायचं ते अंधारात, फटफटायच्या आधी नाहीतर दिवस बुडाल्यावर. भर उन्हात लोटा घेऊन निघाली त वरच्या गावातले मोठ्या जातीचे मानसं पारावरून पाहेत, अन् हसत नव्हते हो, हसले असते त परवडलं असतं. नुसते एकमेकाकडे पाहेत. एक दिवस एक जन बोलला, देव पान्यात टाकले अन् पानी हिच्या पोटात शिरलं.

तेव्हापासून मले समजलं का हे पोट माझं एकटीचं राह्यलं नाही. मी बरी झाली त दीक्षा खरी, अन् मी मेली त मरीमाय खरी. मी पान्यावर गेली का आमच्याच वस्तीतल्या बाया आधी माझ्या तोंडाकडे पाहेत, मंग पोटाकडे.

घरच्यांनी मले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एस्टीत बसनं म्हनजे मले फाशीवर जानं, सारा रस्ता पदर तोंडात कोंबून बसली. डॉक्टरनं पोट दाबलं, तपासलं, म्हने बाई, जखम नाही, गाठ नाही, आतडं नाजूक हाय, घाबरलं का मुरडते. हलकं खा, तिखट सोड, ताक पी, अन् जिवाले घोर लावू नको. मले त हसूच आलं, बापा! बंदं गाव पोटाकडे टक लावून बसलं अन् हा म्हनते घोर लावू नको! घरी आली त बुढी म्हने, डॉक्टरले दिसलं नाही ना? मंग बाहेरचंच हाय. तिचं म्हननं असं का मानसाचं दुखनं डॉक्टरले दिसते, देवीचं दिसत नाही.

काय काय नाही केलं. बेंबी सरकली म्हनून एका बाईनं पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला, कातडं ओढल्या गेलं, दुखनं जागच्या जागी. बिब्ब्याचा डाग देतो म्हनत होते, त्याले मी हात जोडले. तुरीची दाळ सोडली, ठेचा सोडला, ज्वारीच्या कन्या पातळ शिजवून खाऊ लागली. त्यानं उलसक बरं वाटे. पन ताक कोठून आनू? आधी वरच्या गावात मागाले जात होतो आम्ही, ते वरून वतत अन् आम्ही खाली गाडगं धरू. दीक्षेनंतर ठरलं, कोनाच्या दारी मागायचं नाही. अन् एका म्हाताऱ्यानं सांगतलं का अशा पोटाले कच्च्या बेलासारखं औषध नाही. आता बेल त आमच्याच पोट्ट्यांनी तोडलेला! दुसरं झाड वरच्या गावच्या देवळात. गेली मी, दूर उभी राह्यली. पुजाऱ्याची बायको म्हने, ने ना फळं, कोन नाही म्हनते, फक्त पायरीवर डोकं टेक अन् म्हन का आमची चूक झाली. आली मी वापस, रिकाम्या हातानं. असा संताप आलता का रस्ताभर मुरडा बी समजला नाही.

त्या उन्हाळ्यात हैजा आला, पटकी, मरीमायचाच रोग म्हनतात तो. आमच्या बाजूची शांता, माझ्याच वयाची, सकाळी उलट्या लागल्या अन् दिवस बुडता बुडता गेली. तिले माती देऊन आले अन् लोकं माझ्या दारात बसले. रडत नव्हते. म्हने, सूनबाई, मरीमायनं पह्यलं तुले धरलं, आता शांताले नेलं, नाल्यातून दगड काढू, तू ओल्या केसानं ओटी भर, तू भरली का आम्ही सारे तुझ्या मांगं येतो. मी घरच्याकडे पाह्यलं. त्यांची मान खाली. तो मानूस खदानीत छत कडकड वाजे तवा घाबरला नाही, त्या दिवशी घाबरला होता.

मी म्हनलं, पोळ्यापर्यंत थांबा. पोळ्याले बी मी अशीच असली त जसं म्हनसान तसं करीन. जीभ बोलून गेली.

वाचवलं ते तांड्यातल्या याडीनं. याडी म्हनजे त्यांच्यात माय. बंजाऱ्याची बुढी होती, जंगलातला डिंक विकाले येये. तिले सारं सांगतलं त तिनं वाळवलेल्या कच्च्या बेलाच्या चकत्या आनून देल्ल्या अन् रोज गाडगंभर ताक कबूल केलं. मी म्हनलं, फुकट नाही घेनार, तुझ्या वावरात निंदन करीन. पन बेल पाहून घरचे भडकले. म्हने, बेल महादेवाचा, घरात नाही येनार, मी दीक्षेत शपथ घेतली हाय, जुने देव माननार नाही. आता मले त्याची बी चीड आली! मी म्हनलं, शपथ तुम्ही घेतली, झाडानं घेतली का? देव पान्यात गेला, मंग ऊन, पानी, झाडं बी टाकून देता का नाल्यात? तवा त रागात बाह्यर गेले. सकाळी उठून पाहतो त उखळापाशी बसून बेल कुटून राह्यले, माझ्याकडे न पाहता. तो मानूस मले त्या दिवशी लय आवडला, खरं सांगतो.

बेलाची भुकटी, ताक, कन्या, जेवल्यावर ओवा. बरं नाही झालं, ताब्यात आलं. कोनत्या दिवशी काय खावं, कवा निघावं, हे मले समजू लागलं. पोळ्याच्या दिवशी वस्ती जमली तवा मी साऱ्यांच्या मधात बसली, सारी बैठक होईपर्यंत हलली नाही. मंग कोनी दगडाचं नाव काढलं नाही. उठून गेले एक एक जन.

त्याले आता लय वर्षं झाले. सासू बुढी हाय अजून. मी पहाटे बाह्यरून आली का रोज विचारते, पोट कसं हाय वं? सुनेची काळजी नाही ती, दादा. मरीमाय खरी ठरायची वाट पाहून राह्यली ती. अन् एकटी तीच नाही.

यंदा दुखनं येगळं हाय. उजव्या अंगाले हाय, बेलाले ऐकत नाही, ताकाले ऐकत नाही, अन् कवा कवा झाड्याले रगत दिसते. लुगडं ढिलं होऊन राह्यलं, वाळली ते कोनाले दिसू नाही म्हनून आत जुनं फडकं गुंडाळतो. दवाखान्यात जाईन म्हनलं त एस्टीपर्यंत बंदी वस्ती पाहीन. घरच्याले बी सांगतलं नाही, त्यांची मान पुन्हा खाली झालेली मले पाहवायची नाही. तुम्ही लिहून घ्या, पन मी हाय तवर वस्तीत वाचून दाखवू नका. जेवून जा आता. तुमचं पोट सुखी राहो, बापा, अन् ते तुमचं एकट्याचंच राहो.